पेरजागड चढताय? आधी वर बघा!

आज नागभीड तालुक्यातला पेरजागड, म्हणजेच सातबहिणीचा डोंगर. खडकावर हात टेकत चढताना मी फक्त पाय कुठे ठेवायचा तेवढंच बघायचो. पण इथला मोठा धोका वर असतो: कपारीला लटकलेली आग्या मोहोळं. या डोंगरावर मधमाश्यांच्या हल्ल्यात पर्यटक दगावलेत.

होतं काय? एक माशी डसली की नांगीपाशी एक वास सुटतो. ग्रुपवर लोकेशन टाकल्यासारखं. बाकीच्या माश्या तिथेच येतात. म्हणून हात झटकू नका, माशी चिरडू नका. तोंड झाका, कड्याची बाजू सोडून लांब निघा आणि नांगी लगेच नखाने खरवडून काढा.

सेंट, धूर, आरडाओरडा नकोच. पोळं दिसलं तर मी तिथूनच मागे फिरतो. डोंगर कुठं पळून जात नाही!