सोडविणे आणि सोडून देणे

आमच्या अंबडच्या घराच्या माळ्यावर पितळेचा एक पिंजरा कित्येक वर्षे धूळ खात पडला होता. गेल्या आश्विनात माझ्या धाकट्या नातीने तो खाली काढविला, चिंचेने घासून लख्ख केला आणि मजपुढे ठेवून म्हणाली, "आजोबा, राघूची सोय झाली!" त्या एका वाक्यावरून घरात जी चर्चा सुरू झाली, तिचा शेवट कार्तिकातील एका पायी सहलीत झाला. ती हकीकत सांगावीशी वाटते. कारण वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा पिंजरा असेल, निदान त्याची आठवण तरी असेल.

प्रकार असा घडला. परसातील निंबाच्या फांदीत संक्रांतीच्या पतंगाचा नायलॉनचा मांजा अडकून राहिला होता. सुती दोरा उन्हापावसाने कुजून जातो. नायलॉन कुजत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली या मांजावर देशभर बंदी घातली. तरी तो मिळतो, आणि कोणाच्या तरी हौसेचा अवशेष दुसऱ्याच्या परसात लोंबकळत राहतो. नऊ महिन्यांनंतर त्यात एक पोपट सापडला. सूनबाईंनी शिडी लावून दोरा कापला व त्यास खाली आणले. एक पंख रक्ताने माखला होता.

रात्रभर त्यास पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवले. सकाळी चिरंजीवांनी वनखात्याच्या १९२६ या मदत-क्रमांकावर वर्दी दिली. पोपट घरी पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, ही गोष्ट अजूनही अनेक सुशिक्षित कुटुंबांस ठाऊक नसते. खात्याची माणसे पक्षी घेऊन गेली, आणि पुढे त्याची रवानगी शेजारच्या बीड जिल्ह्यातील शुश्रूषा केंद्रात झाल्याचे कळले. नात मात्र घासलेल्या पिंजऱ्याजवळ बसून राहिली. तिचा युक्तिवाद बिनतोड होता. "मारणाऱ्यापेक्षा तारणाऱ्याचा हक्क मोठा, असे तुम्हीच सांगता ना? मग आपण वाचविलेला राघू आपलाच नाही का?"

देवदत्ताने बाण मारलेला हंस आणि त्यास वाचविणारा राजपुत्र सिद्धार्थ, ही कथा मी तीस वर्षे वर्गात सांगितली. आणि आता ती माझ्यावरच उलटली होती. मी तेव्हा उत्तर दिले नाही. कित्येक गोष्टी सांगून पटत नाहीत, दाखवाव्या लागतात.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ ही अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांची जन्मतिथी, १२ ही पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांची. त्या सप्ताहात आम्ही तिघे निवृत्त शिक्षक, घरची मंडळी व सहा मुले असे चौदा जण निघालो. शहागडास गोदावरी ओलांडली की जालना जिल्हा संपून बीड जिल्हा लागतो. पुलावरून सर्वांनी नदीस हात जोडले. पुढे गेवराईवरून शिरूर कासारला पोहोचून वाहने तेथेच ठेविली व तागडगावची वाट पायी धरली.

वाहनातून पाहिलेला मुलूख आणि पायाखालून गेलेला मुलूख यांत फार अंतर असते. कापसाची वेचणी चालली होती, तुरी फुलावर होत्या. तारेवर नीलपंख बसला होता. उडाला तेव्हा पंखांतील निळाई पाहून मुले जागच्या जागी थबकली. एका शेतावर कापशी घार हवेत एकाच ठिकाणी पंख फडफडवीत थांबली होती. बाभळीच्या काट्यांस खाटकाने नाकतोडा टोचून ठेविलेला पाहून आमच्या मित्रांच्या पत्नी म्हणाल्या, "याचेही कोठीघर आहे म्हणायचे!" इतक्यात भोरड्यांचा थवा डोक्यावरून गेला. हे पक्षी मध्य आशिया व पूर्व युरोपातून हिवाळ्यासाठी येथे येतात, असे सांगताच एका मुलाने विचारले, "त्यांना वाट कोण दाखवितो?" त्या विषयावर शास्त्रज्ञांचे अद्याप संशोधन चालू आहे, एवढेच सांगून मी माझी सुटका करून घेतली.

तागडगावी 'सर्पराज्ञी' हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र आहे. सिद्धार्थ सोनवणे व सृष्टी सोनवणे या दाम्पत्याने ते उभारले. आरंभ साप वाचविण्यापासून झाला. पुढे जखमी पशुपक्षीही येऊ लागले. त्यांच्यावर उपचार करावयाचे व बरे होताच त्यांस निसर्गात परत सोडावयाचे, हे तेथील काम. संस्थापकाचे नाव ऐकताच नातीने माझ्याकडे अर्थपूर्ण दृष्टीने पाहिले. कथेतला राजपुत्र तिला विसरू देत नव्हता!

वडीलकीच्या अधिकाराने मी एक नियम आधीच घालून दिला होता: पक्ष्यांपासून दूर राहावयाचे, हाका मारावयाच्या नाहीत, आपला राघू दाखवा असा हट्ट धरावयाचा नाही. त्यामागील कारण सांगण्यासाठी परतीच्या वाटेवर एका लिंबाखाली बसलो. तेथे मी मुलांना, आजवर घरात कधी न काढलेली, आमच्या पहिल्या राघूची गोष्ट सांगितली.

तो पितळी पिंजरा त्याचाच. मी लहान होतो. वर सांगितलेला कायदा अजून व्हावयाचा होता. सात वर्षे तो आमच्या ओसरीवर होता. आई त्यास पेरू व भिजविलेली डाळ भरवी, आणि तो 'विठ्ठल विठ्ठल' म्हणे. एका आषाढी एकादशीस वडिलांच्या मनात दया उपजली व त्यांनी दार उघडले. राघू भिंतीपर्यंत कसाबसा उडाला आणि खाली पडला. आम्ही धावलो, पण त्याआधीच मांजर पोहोचले होते. आई त्यानंतर तीन दिवस ओसरीवर आली नाही. पिंजरा माळ्यावर गेला, आणि 'पाळलेल्या जिवास मोकळे करणे म्हणजे त्यास मारणे' अशी समजूत मी पुष्कळ वर्षे बाळगली.

ती समजूत चुकीची होती. पक्ष्याचे उड्डाण छातीच्या स्नायूंवर चालते, आणि न वापरलेला स्नायू क्षीण होतो. शिवाय माणसाची सवय जडली की मांजराचे भयही जाते. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी दाखविले की कलहंसाची पिले अंड्यातून बाहेर येताच ज्यास प्रथम पाहतात, त्यासच आई मानून त्याच्यामागे चालू लागतात, मग तो माणूस का असेना. १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांत ते एक होते. म्हणून पक्षी बरा करताना त्यास प्रथम अंधाऱ्या, शांत जागी विश्रांती देतात. मग मोठ्या जाळीत उडण्याचा सराव. आणि स्वतःचे अन्न स्वतः मिळविता येऊ लागले म्हणजे मोकळे आकाश. या सर्व काळात माणसाने होईल तितके त्याच्या नजरेआड राहावयाचे. आमच्या राघूस सुटकेने मारले नव्हते. सात वर्षांच्या लाडाने मारले होते.

मोठ्या प्रमाणावर हेच गिधाडांच्या बाबतीत करावे लागले. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे त्यांचा जवळजवळ निर्वंश झाला. २००६ साली ते औषध गुरांसाठी बंद झाले. हरियाणातील पिंजोर येथे वाढविलेली काही गिधाडे २०२४ च्या जानेवारीत आपल्या पेंच व ताडोबात आणली, तीही लगेच न सोडता प्रथम मोठ्या जाळीत ठेवून.

नात बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "आजोबा, त्या गोष्टीतल्या हंसाचे पुढे काय झाले?"

तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने हे विचारले नव्हते आणि मीही सांगितले नव्हते. हक्काचा निवाडा झाला की माझी गोष्ट संपत असे. मी म्हणालो, "जखम भरली, आणि सिद्धार्थाने त्यास उडू दिले." ती एवढेच म्हणाली, "म्हणजे तो कोणाचाच नव्हता." तारणाऱ्याचा अधिकार मोठा खरा, पण तो सोडविण्याचा अधिकार आहे, ठेवून घेण्याचा नव्हे, हे मला साठी उलटल्यावर एका नऊ वर्षांच्या मुलीकडून कळले.

गृहिणींसाठी दोन शब्द. जखमी पक्षी सापडल्यास त्यास भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, उबदार जागी ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये, दूधभात भरवू नये, मुलांस हाताळू देऊ नये. आणि वनखात्यास त्वरित कळवावे. संक्रांतीनंतर परसातील झाडांवरचा दोरा काढून टाकावा. हे काम मुले आनंदाने करितात.

आमच्या राघूची जखम भरत असल्याचे कळले आहे. तो उडेल की नाही, हे पंख ठरवील. पिंजऱ्याचे काय करावे, हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी सोडविला. त्यांनी तो मोडीत दिला, आणि आलेल्या पैशांतून मातीची चार पसरट भांडी आणून निंबाखाली पाणी भरून ठेविली. ती रोज सकाळी नात भरते, आणि भरून झाली की लगेच तेथून दूर होते.