सहप्रवाशासह प्रवासासाठी मोटारसायकलची निवड

सहप्रवाशाला मागे बसवून लांब पल्ल्याचा प्रवास करण्यासाठी मोटारसायकल निवडताना प्रामुख्याने दोन प्रकारांचा विचार केला जातो : टूरिंग (पर्यटन) मोटारसायकल आणि ॲडव्हेंचर (साहसी) मोटारसायकल. पहिला प्रकार पक्क्या रस्त्यावरील दीर्घ व आरामशीर प्रवासासाठी, तर दुसरा पक्क्या व कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठी विकसित झाला. निवडीची चर्चा बहुधा इंजिन, वेग आणि चालकाची सोय यांभोवती फिरते; प्रत्यक्षात सहप्रवाशाची बैठक, वाहनावरील एकूण भार आणि नेहमीच्या रस्त्याचे स्वरूप हे घटक अधिक निर्णायक ठरतात. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांचा खानदेश प्रदेश महामार्ग, घाट, काळ्या मातीचे रस्ते आणि तीव्र उन्हाळा यांमुळे या निवडीचे चांगले उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

टूरिंग प्रकारातील प्रसिद्ध मोटारसायकल म्हणजे १९७५ पासून विक्रीस आलेली होंडा गोल्ड विंग. रुंद आसन, पाठीला टेकू, वाऱ्यापासून संरक्षण देणारी काच आणि सामानाचे बंद कप्पे ही या प्रकाराची पुढे रूढ झालेली वैशिष्ट्ये होत. ॲडव्हेंचर प्रकाराला बीएमडब्ल्यू कंपनीच्या १९८० मधील आर ८० जी/एस या मोटारसायकलमुळे निश्चित रूप आले. तिच्या नावातील दोन आद्याक्षरे 'खडतर भूभाग' आणि 'रस्ता' या अर्थाच्या जर्मन शब्दांची आहेत. १९८१ च्या पॅरिस-डाकार शर्यतीत बीएमडब्ल्यूला विजय मिळाल्यावर या प्रकाराची लोकप्रियता वाढली.

भारतात मोठ्या इंजिनाच्या टूरिंग मोटारसायकली महाग असल्याने त्यांची जागा बहुतांशी क्रूझर ठेवणीच्या मध्यम क्षमतेच्या गाड्यांनी घेतली आहे. रॉयल एन्फिल्डची मीटिऑर ३५० (२०२०) ही त्यांपैकी एक होय. त्याच कंपनीची हिमालयन २०१६ मध्ये, हीरोची एक्सपल्स २०० ही २०१९ मध्ये आणि सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स २०२२ मध्ये आल्यावर ॲडव्हेंचर प्रकारही सर्वसामान्य ग्राहकांच्या आवाक्यात आला.

रचनेतील फरक

मीटिऑर ३५० आणि २०२३ मध्ये आलेली हिमालयन ४५० यांची तुलना या दृष्टीने बोलकी आहे. इंधनासह त्यांचे वजन अनुक्रमे १९१ आणि १९६ किलोग्रॅम, म्हणजे जवळपास सारखेच आहे. मात्र चालकाच्या आसनाची उंची मीटिऑरमध्ये ७६५, तर हिमालयनमध्ये ८२५ मिलिमीटर आहे. जमिनीपासूनचे अंतर अनुक्रमे १७० आणि २३० मिलिमीटर, तर पुढच्या चाकाचा वर-खाली होण्याचा पल्ला १३० आणि २०० मिलिमीटर आहे.

हा अधिक पल्ला खड्ड्यांचा धक्का शोषून घेतो. मागे बसलेल्याला समोरचा खड्डा चालकाइतका स्पष्ट दिसत नसल्याने तो धक्क्यासाठी तयार नसतो; म्हणून खराब रस्त्यावर लांब पल्ल्याच्या शॉकॲब्सॉर्बरचा सर्वाधिक लाभ सहप्रवाशाला होतो. याची दुसरी बाजू अशी, की उंच आसनामुळे वाहनाचा गुरुत्वमध्यही वर जातो. मागचे आसन सहसा चालकाच्या आसनाहून उंच असते. त्यामुळे वृद्ध, कमी उंचीच्या किंवा गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीला चढणे-उतरणे अवघड जाते. चालकाचे पाय जमिनीवर पुरेसे टेकत नसतील, तर उभ्या गाडीचा तोल सहप्रवासी चढत असतानाच जाण्याचा धोका असतो.

भार आणि तोल

प्रत्येक मोटारसायकलसाठी उत्पादकाने कमाल एकूण वजन ठरवून दिलेले असते. त्यातून गाडीचे इंधनासह वजन वजा केल्यावर जे उरते, ती तिची भारवाहक क्षमता होय. चालक ७५, सहप्रवासी ६० आणि सामान २५ किलोग्रॅम धरल्यास हा भार १६० किलोग्रॅम होतो. पोलादी कॅरिअर आणि डिक्क्या यांचे वजनही यातच मोजावे लागते.

सहप्रवासी जवळजवळ मागच्या आसाच्या वर बसतो. त्यामुळे त्याचे बहुतेक वजन मागच्या चाकावर येते. मागची स्प्रिंग दबते, पुढचे चाक तुलनेने हलके होते आणि हेडलाइटचा झोत वर उचलला जाऊन समोरच्या वाहनचालकांच्या डोळ्यांवर येतो. मागच्या आसाच्याही मागे लटकणारी जड डिकी हा परिणाम वाढवते. यावर उपाय म्हणून मागच्या स्प्रिंगचा ताण वाढवणे, टायरमध्ये दोघांच्या भारासाठी सांगितलेला हवेचा दाब ठेवणे आणि जड सामान शक्य तितके खाली व पुढे बांधणे आवश्यक असते.

वरील भार १९६ किलोग्रॅमच्या गाडीवर घेतला, तर एकट्या चालकासह असलेले २७१ किलोग्रॅमचे एकूण वजन ३५६ किलोग्रॅम होते. त्याच वेगाला गतिज ऊर्जा सुमारे ३१ टक्क्यांनी वाढते आणि ती सर्व ब्रेकना उष्णतेच्या रूपात शोषावी लागते. म्हणूनच घाट उतरताना केवळ ब्रेकवर विसंबून न राहता खालच्या गिअरचा उपयोग करणे इष्ट असते.

खानदेशातील परिस्थिती

भुसावळजवळील दीपनगर ही औष्णिक विद्युत केंद्राची वसाहत राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आहे. सुरतकडून येणारा हा मार्ग धुळे, जळगाव व भुसावळ या शहरांतून नागपूरकडे जातो. जळगाव ते अजिंठा लेणी हे सुमारे ६० किलोमीटरचे अंतरही पक्क्या रस्त्याचे आहे. अशा प्रवासात कमी उंचीचे आसन आणि पाठीचा टेकू असलेली टूरिंग ठेवणीची गाडी सहप्रवाशाला अधिक सोयीची ठरते. अवजड वाहनांच्या झोतामुळे बसणारे वाऱ्याचे हेलकावेही कमी उंचीच्या गाडीवर कमी जाणवतात.

सातपुड्याच्या पायथ्याचे मनुदेवी, रावेर तालुक्यातील पाल किंवा नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ अशा ठिकाणी जाताना वळणांचे व चढाचे रस्ते लागतात. तेथे इंजिनाची ताकद आणि शॉकॲब्सॉर्बरचा पल्ला यांना महत्त्व येते. धुळ्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा चाळीसगावजवळचा औट्रम घाट दोघांच्या भारासह ब्रेकची परीक्षा पाहणारा आहे.

तापीच्या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात चाकाला चिकटते आणि चाक व मडगार्ड यांच्यात साचून चाक अडवू शकते. उंच मडगार्ड असलेल्या ॲडव्हेंचर गाडीला हा त्रास कमी होतो. तरीही चिखलाच्या पट्ट्यात सहप्रवाशाने खाली उतरून चालत जाणे हेच दोन्ही प्रकारांत सुरक्षित असते.

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळ परिसरातील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. थंड हवेत उपयोगी पडणारी मोठी काच अशा वेळी चालकाला मिळणारा वारा अडवते. उंचावर बसलेल्या सहप्रवाशाला मात्र तापलेल्या हवेचा झोत थेट लागतो. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, वारंवार पाणी पिणे आणि दुपारचा प्रवास टाळणे हे उपाय कोणत्याही गाडीवर आवश्यक आहेत.

बसण्याची पद्धत आणि पोशाख

साडी नेसलेल्या स्त्रिया बहुधा दोन्ही पाय डाव्या बाजूला ठेवून बसतात. या पद्धतीत वजन एका बाजूला झुकते, दोन्ही पायांना एकाच बाजूचा आधार मिळतो आणि अचानक ब्रेक लागल्यास शरीर सावरणे कठीण होते. उंच ॲडव्हेंचर गाडीवर हा धोका वाढतो. डाव्या बाजूला सामानाची पेटी बसवल्यास पाय ठेवण्याची जागाच उरत नाही आणि साडीगार्डही काढावे लागण्याची शक्यता असते. लांबच्या प्रवासात दोन्ही बाजूंना पाय टाकून बसता येईल असा पोशाख अधिक सुरक्षित असतो. पदर किंवा ओढणी चाकात वा चेनमध्ये अडकून गंभीर अपघात होऊ शकतो. त्यामुळे ती घट्ट खोचणे आवश्यक आहे.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२८ नुसार दुचाकीवर चालकाखेरीज एकच व्यक्ती बसू शकते आणि तिच्यासाठी चालकाच्या मागे पक्के बसवलेले आसन असावे लागते. कलम १२९ अन्वये सहप्रवाशालाही हेल्मेट बंधनकारक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार सहप्रवाशासाठी हाताने धरण्याची सोय, पाय ठेवण्याची सोय आणि मागचे चाक निम्म्यापर्यंत झाकणारे संरक्षण असणे आवश्यक आहे. चार वर्षांखालील मुलांना नेताना सुरक्षापट्टा व हेल्मेट वापरणे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवणे हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला.

निवडीचे निकष

प्रवास मुख्यतः पक्क्या रस्त्यावर होत असेल, सहप्रवासी वयस्कर असेल किंवा चालकाची उंची कमी असेल, तर टूरिंग ठेवणीची गाडी योग्य ठरते. खराब रस्ता हा नेहमीचाच भाग असेल आणि दोघांनाही उंच आसनावर सहज चढता-उतरता येत असेल, तर ॲडव्हेंचर गाडीचा खरा उपयोग होतो. वर्षातून एखाद्या वेळी लागणाऱ्या काही किलोमीटर कच्च्या रस्त्यासाठी रोजच्या प्रवासात उंच आसन स्वीकारणे सहप्रवाशाच्या दृष्टीने क्वचितच लाभाचे असते.

खरेदीपूर्वी चाचणी फेरी दोघांनी मिळून, नेहमीच्या पोशाखात आणि किमान अर्धा तास घेणे उपयुक्त ठरते. अरुंद किंवा कडक आसन, फार वर असलेले पायदान आणि हाताला न लागणारी मागची पकड हे दोष दुकानासमोरच्या छोट्या फेरीत लक्षात येत नाहीत. ते प्रथम सहप्रवाशालाच जाणवतात.