कॅमेऱ्यासाठी कर्ज देताना

शेळी घ्यायची, शिलाई मशीन घ्यायचं, यासाठीचं कर्ज आपल्या गटांना सवयीचं आहे. पण उद्या गटातल्या एखादीची मुलगी म्हणाली, "मी लग्नांचे फोटो काढते, मला कॅमेऱ्याला पैसे हवेत," तर आपण काय विचारणार? बहुतेक जणी कॅमेऱ्याची किंमत विचारतील. मी मात्र आधी विचारेन, की बाई, तू फोटो कुठल्या फाइलमध्ये काढणार? कारण पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो.

फाइल मुख्यतः दोन प्रकारची, जेपेग आणि रॉ. जेपेग म्हणजे भाजलेली भाकर. ताटात वाढायला तयार, पण मीठ राहिलं असेल तर आता मिसळता येत नाही. रॉ म्हणजे मळायला घेतलेलं पीठ. त्यात अजून कमीजास्त करता येतं. जेपेगमध्ये कॅमेरा रंग आणि उजेड स्वतःच ठरवतो आणि बाकीची माहिती टाकून देतो. आकड्यांत सांगायचं तर जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. जुन्या स्टुडिओतली निगेटिव्ह आठवते ना? रॉ ही आजची निगेटिव्हच.

आपल्याकडे लग्नं भर उन्हाळ्यात. मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडाचा रंग नवरीच्या तोंडावर उतरतो, रात्री वरातीत अर्धा उजेड आणि अर्धा अंधार. रॉ असेल तर असा चेहरा बराचसा सुधारता येतो. म्हणून लग्नाचे फोटोग्राफर रॉ पसंत करतात. बातमीचं उलटं आहे. २०१५ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बाहेरच्या छायाचित्रकारांना कळवलं, की रॉवरून बनवलेले फोटो नकोत, कॅमेऱ्यातच जेपेग काढलेले पाठवा. ते लवकर पोचतात आणि फेरफाराला वाव कमी राहतो. पासपोर्ट फोटो, शाळेचं गॅदरिंग, गटाच्या पापड-मसाल्याचे फोटो यांनाही जेपेग पुरे.

आता हिशोब. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एक रॉ फाइल साधारण २५ एमबीची, जेपेग ८ ते १० एमबीची. एका लग्नात २,५०० फोटो काढले तर रॉ ६० जीबीच्या वर जाते. २० लग्नांची सव्वा टीबी, आणि दोन प्रती ठेवल्या तर अडीच. म्हणजे मोठी कार्डं, दोन हार्ड डिस्क, दमदार कॉम्प्युटर, शिवाय रात्र रात्र बसून एकेक फोटो सुधारणं. ही मजुरी दरात धरलेली नसेल तर हप्ता कुठून निघणार?

दुसरी प्रत कशाला, असं म्हणू नका. आपल्या शेजारच्या अजिंठ्याचंच बघा. १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्यात वर्षानुवर्षं घातली. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या, तर १८८५ च्या आगीत त्यातल्याही पुष्कळ गेल्या. गिल यांची कबर भुसावळला आहे.

कॅमेऱ्याची बॉडी लवकर जुनी होते, लेन्स टिकते. म्हणून बॉडी जुनी घेतली तरी चालेल, फक्त शटर किती वेळा चाललंय ते तपासून घ्यावं. सुरुवातीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं शटर लाखभर फोटोंच्या हिशोबाने बनवलेलं असतं, म्हणजे चाळीसेक लग्नं. वाचलेल्या पैशांत ५० मिमी, एफ १.८ ची लेन्स घ्यावी. कॅमेऱ्यासोबत येणारी लेन्स झूम केल्यावर जेवढा उजेड घेते, त्याच्या नऊ-दहा पट ही घेते. चाळीसगावच्या केकी मूस यांनी तर टेबलावर साध्या वस्तू मांडून अख्खे देखावे उभे केले आणि त्यांचे फोटो जगाला दाखवले.

आणि आपल्या घरचं लग्न असेल तर? रॉ मागू नका, ती साध्या मोबाइलवर नीट उघडायचीही नाही. पूर्ण आकाराच्या जेपेग पेनड्राइव्हवर मागा आणि मूळ फाइल किती महिने ठेवणार ते ठरवतानाच विचारा. व्हॉट्सअॅपवर मागवायचेच असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर फोटो बारीक होऊन येतात आणि फ्रेममध्ये लावले की फाटलेले दिसतात.