ड्रायव्हरचे परीक्षण : बिघडलेल्या उपकरणाचा विचार आधी

भिलाई : येथील पोलाद कारखान्यात तयार झालेला रेल्वेचा रूळ वरून निर्दोष दिसतो म्हणून लगेच रवाना केला जात नाही. श्राव्यातीत ध्वनिलहरी पोलादात सोडून आत एखादी चीर दडलेली नाही ना, याची खात्री करून घेतली जाते. आतला दोष गाडी धावू लागल्यावर प्रकट झाला, तर त्याची किंमत प्रवाशांना मोजावी लागते. याच शहरालगत कुटेलाभाठा येथे आयआयटीचे स्थायी संकुल २० फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्राला समर्पित झाले. पोलादाच्या या नगरीत संगणकशास्त्र शिकणाऱ्या पिढीने समजून घ्यावे असे, रुळाच्या तपासणीशी नाते सांगणारे एक काम आहे : ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नेलसाठी लिहिलेल्या ड्रायव्हरचे परीक्षण.

मेमरी, प्रोसेसरचा वेळ आणि उपकरणे यांचे नियमन करणारा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नेल. प्रिंटर, कॅमेरा, नेटवर्क कार्ड या प्रत्येकाची बोली निराळी. कर्नेल आणि उपकरण यांच्यातील दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. एखादे सामान्य ॲप कोसळले, तर सहसा ते एकटेच बंद पडते. लिनक्स किंवा विंडोजमधील बहुतेक ड्रायव्हर मात्र कर्नेलच्याच अधिकाराने चालतात आणि त्यांतील एक चूक सारा संगणक ठप्प करू शकते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये लिनक्सची छाननी केली, तेव्हा ड्रायव्हरमधील चुकांचे प्रमाण उर्वरित कर्नेलच्या तुलनेत तीन ते सात पटींपर्यंत अधिक आढळले.

परीक्षक काय पाहतो? सर्व काही सुरळीत असताना ड्रायव्हर चालतो, हे तर लेखकानेच पाहिलेले असते. परीक्षकाची नजर नेमकी उलट दिशेला हवी. उपकरण तयार होईपर्यंत ड्रायव्हर त्याला पुन्हापुन्हा विचारत राहतो. पण ते कधीच तयार झाले नाही तर? वाट पाहण्याला मुदत नसेल, तर तो त्याच फेऱ्यात अडकून राहील. चालू कामातच कोणी उपकरण काढून घेतले तर? अशा वेळी वाचलेल्या मूल्यात बहुधा सगळेच बिट एक येतात. ती खरी माहिती समजून पुढे जाणारा ड्रायव्हर भलत्याच जागी पोहोचतो. सुरुवातीच्या पाच पायऱ्यांपैकी चौथी फसली, तर आधीच्या तिन्ही पायऱ्यांवर घेतलेली मेमरी आणि इतर साधने उलट्या क्रमाने परत केली आहेत का, हेही ओळ न ओळ वाचावे लागते. उपकरणाने तातडीची सूचना, म्हणजे इंटरप्ट, पाठवल्यावर चालणाऱ्या मुख्य भागात झोपी जाण्याची, म्हणजे थांबून वाट पाहण्याची, मुभा नसते. नवख्यांची चूक बहुधा येथेच होते.

उपकरणाकडून किंवा बाहेरच्या फाईलमधून येणाऱ्या आकड्यांवर विश्वास ठेवला, तर काय घडते याचे उदाहरण १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नेलमध्ये चालत होता. नव्या माहितीच्या फाईलने एकविसाव्या मूल्याची तुलना करण्यास सांगितले; ड्रायव्हरच्या हाती मात्र वीसच मूल्ये होती. त्याने मर्यादेपलीकडची मेमरी वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घ्यावे लागले. हा ड्रायव्हर कोणत्या यंत्राचा नव्हता, पण दोष त्याच जातीचा होता. विशेष म्हणजे ड्रायव्हर प्रमाणित होता. वेळोवेळी येणारी माहितीची फाईल त्या प्रमाणनातून जात नव्हती. परीक्षण ड्रायव्हरचे झाले, त्याला भरवल्या जाणाऱ्या खाद्याचे नाही.

लिनक्समध्ये हे काम उघड्यावर चालते. प्रत्येक विभागाचा एक किंवा अधिक मेंटेनर असतात. मोठा बदल छोट्या, स्वतंत्रपणे वाचता येतील अशा तुकड्यांत पाठवावा, अशी अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. हजारो ओळींचा गठ्ठा नीट वाचायला कोणापाशी वेळ असतो? परतून आलेला तुकडा दुरुस्त करून पुन्हा पाठवणे ही नित्याची गोष्ट आहे, त्यात मानहानी नाही. एप्रिल २०२१ मध्ये या विश्वासालाच तडा गेला. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी परीक्षकांची कसोटी पाहण्यासाठी जाणूनबुजून सदोष बदल पाठवल्याचे प्रकरण गाजले. मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे बदल थांबवले आणि पूर्वीच्या बदलांची फेरतपासणी सुरू झाली.

नोंदीतही परीक्षण आणि चाचणी वेगळ्या ठेवल्या जातात : ज्याने वाचून पाहिले त्याचे नाव एका ओळीत, ज्याने प्रत्यक्ष उपकरणावर चालवून पाहिले त्याचे दुसऱ्या ओळीत. मेंटेनरकडे प्रत्येक उपकरण असणे शक्य नाही. त्यामुळे वसतिगृहातील एखाद्या विद्यार्थ्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये नेमके तेच नेटवर्क कार्ड असेल, तर दुसऱ्या ओळीत त्याचे नाव येऊ शकते.