जोडविषयाने नोकरी मिळते काय?

“सर, मायनर कोणता घेतला म्हणजे नोकरी लागेल?” हा प्रश्न हल्ली प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या वऱ्हांड्यात हमखास ऐकू येतो. विचारणारा पुष्कळदा विद्यार्थी नसतो, त्याचे वडील असतात. त्यांच्या खिशात फीचे पैसे असतात आणि मनात काळजी. अशा माणसाला मोघम उत्तर देऊन वाटेला लावणे बरे नव्हे. म्हणून या प्रश्नाचा आज थोडा हिशेब मांडू.

प्रथम शब्दांचा उलगडा करून घेऊ. ज्या विषयात पदवी मिळते तो मुख्य विषय, म्हणजे मेजर. त्याच्या जोडीला दुसऱ्या एखाद्या विषयाचा ठरावीक अभ्यास केला, की तो झाला जोडविषय, म्हणजे मायनर. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा दिला. त्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक आहेत आणि त्यांपैकी २४ जोडविषयाचे. विद्यापीठागणिक हा आकडा थोडा बदलतो. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे वर्गातले १५ तास. २४ ला १५ ने गुणा, ३६० तास झाले! घरचा अभ्यास निराळाच. म्हणजे जोडविषय फुकट मिळत नाही. त्याची किंमत तासांत मोजावी लागते.

आता या ३६० तासांचे मोल नोकरीच्या बाजारात काय येते ते पाहू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला किंवा बँकेतल्या कारकुनाच्या परीक्षेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. तेथे जोडविषयाबद्दल एकही जादा गुण मिळत नाही. नागरी सेवेच्या मुख्य परीक्षेत ऐच्छिक विषयाच्या प्रत्येकी २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. तुमचा जोडविषय तोच असला तर तयारीचा पाया घातला गेलेला असतो, फायदा एवढाच.

उलट काही जागांना विषयाची अटच असते. भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेला बसायचे, तर पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असावा लागतो, नाहीतर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी लागते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने संख्याशास्त्र जोडीला घेण्याचा विचार अशा वेळी जरूर करावा. मात्र आपल्या विद्यापीठाचा जोडविषय त्या अटीत बसतो की नाही, हे अर्ज भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे. ‘चालेल हो’ या तोंडी शब्दावर तीन वर्षे टांगून ठेवू नयेत.

खाजगी कंपन्यांत तिसराच प्रकार. समजा, पुण्यातल्या वाणिज्य शाखेच्या एका मुलीने जर्मन हा जोडविषय घेतला. गुणपत्रिकेवर ‘जर्मन’ छापून आले म्हणून तिला कोणी बोलावणार नाही. “जर्मनमधलं हे पत्र वाचून काय म्हटलंय ते सांगता येईल का?” असे तिला विचारतील. युरोपात भाषेच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या मानतात आणि जर्मनच्या त्या परीक्षा पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात देता येतात. त्यांतली एखादी मधली पायरी तिने गाठली, तर हिशेब आणि भाषा अशी दोन हत्यारे तिच्या हाती येतील. मग जोडविषय खरोखर कामाला आला म्हणायचे.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पहाटेची एस.टी. पकडून कॉलेजला येणारा, सुटीत शेतावर किंवा दुकानात राबणारा मुलगा हे तास आणणार कोठून? पुष्कळदा ते मुख्य विषयातूनच काढले जातात. मुख्य विषय कच्चा राहिला, तर पुढल्या शिक्षणाचे आणि नोकरीचे दोन्ही दरवाजे अरुंद होतात. जोडविषयाने ते पुन्हा रुंद होत नाहीत.

तुम्ही म्हणाल, “पण जोडविषय आता घ्यावाच लागतो ना?” पुष्कळ ठिकाणी लागतो, खरे आहे. म्हणूनच प्रश्न ‘घ्यावा की नाही’ असा न राहता ‘कोणता घ्यावा’ असा उरतो. मैत्रिणीने घेतला, किंवा त्यात गुण सहज मिळतात, ही कारणे पुरेशी नाहीत.

तेव्हा, पालकहो आणि विद्यार्थिमित्रांनो, एक साधे काम करा. ज्या नोकऱ्या मनात आहेत त्यांच्या पाचसहा जाहिराती मिळवा आणि पात्रतेचा रकाना शांतपणे वाचा. विषयाची अट असेल, तर तो विषय घ्या. अट नसेल, तर मुख्य विषयाला हात देणारा किंवा हाताला एखादे काम शिकवणारा विषय निवडा. आणि यातले काहीच नसेल, तर जो विषय मनापासून वाचावासा वाटतो तो घ्या. त्याने नोकरी लागेल असे मात्र धरून चालू नका. आवडीने केलेले ३६० तास वाया जात नाहीत. खोट्या आशेने केलेले मात्र फार जड जातात.