वनमजुराची चाळिशी

मराठी साहित्यात अरण्य पुष्कळ आहे. मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्याने पशुपक्ष्यांची नावे, त्यांच्या सवयी आणि रानाची भाषा मराठी वाचकाच्या ओंजळीत टाकली. ते ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्याने खड्डा खणला, रोप लावले आणि वणव्यात उभे राहून ते वाचवले, तो रोजंदार माणूस या अरण्यात फारसा भेटत नाही. दलित साहित्याने तरी त्याची दखल कितपत घेतली? अण्णा भाऊ साठ्यांचे वाटेगाव आणि शंकरराव खरातांची आटपाडी, दोन्ही गावे सांगली जिल्ह्यातली. अण्णा भाऊंच्या डोंगरात बंडखोर वावरतो. रोजंदार मजूर मात्र आपल्याही लेखणीतून निसटला आहे.

सागरेश्वरचेच उदाहरण घ्या. देवराष्ट्र्याजवळचा हा डोंगर एकेकाळी बोडका होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या जिद्दीने तेथे वन उभे राहिले आणि १९८५ साली १०.८७ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. मोहित्यांचे श्रेय कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण ‘मानवनिर्मित अभयारण्य’ असे आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा त्यातला ‘मानव’ कोण, हे विचारायला हवे. मुरमाड उतारावर पहारीने खड्डे घेणारे, घमेल्याने माती वाहणारे, खांद्यावर पाणी नेणारे हात कोणाचे होते? त्यांची गणना फक्त हजेरीपटावर झाली.

वनमजुराचे वर्ष उलट्या क्रमाने चालते. शेतमजुराला उन्हाळ्यात थोडी उसंत मिळते. याचे काम तेव्हाच शिगेला पोहोचते. थंडी सरली की जाळरेषा काढायच्या. म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून आपणच गवताचे पट्टे कापून, राखण ठेवून जाळायचे. मग खड्डे आणि सलग समतल चर. रोपवाटिकेत पिशव्या भरण्याचे काम बहुधा बायकांचे. दिवसभर उकिडवे बसून. मृगाच्या सरी आल्या की लागवड, नंतर तणकाढणी आणि राखण. पश्चिमेला पाटण, जावळी, शिराळ्याकडे जळवा, चिखल आणि गवे. पूर्वेला माण, खटाव, जत, आटपाडीत दगड आणि ऊन. वणवा लागला तर वेळकाळ नाही. ओल्या डहाळ्या घेऊन आगीला झोडपायचे. धूर छातीत जातो तो जातोच.

या कामावर कोणत्या वस्तीतली माणसे आली, हे सांगण्याची या नियतकालिकाच्या वाचकांना गरज नाही. वतनदार महाराच्या वाट्याला सरपण फोडणे आणि मेलेल्याच्या सरणाची लाकडे पोहोचवणे होतेच. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने संपली. कुऱ्हाड हातात राहिली, जमीन बहुतेकांच्या हाती राहिली नाही. मातंग, रामोशी, कातकरी, गवळी-धनगर यांची वाट वेगळी, पण येऊन थांबली ती याच हजेरीपटापाशी. पुढे दुष्काळ आला. विसापूरच्या वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी १९६९ मध्ये तासगाव तालुक्यात अजमावली गेली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर कामाला आली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. डोंगरउतारावरच्या वनीकरणाची पुष्कळ कामे याच योजनेत निघाली. योजनेने चूल पेटती ठेवली, हे खरे. पण हमी कामाची होती, नोकरीची नव्हती. हा भेद पुढे फार महाग पडला.

आता चाळिशीकडे येतो. मध्यमवर्गीय माणसाची चाळिशी म्हणजे चष्मा. आमच्या महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांच्या बोलण्यात ती साखर, रक्तदाब आणि मुलांच्या प्रवेशाच्या रूपाने येते. वनमजुराची चाळिशी गुडघ्यात आणि मणक्यात येते. चढावर पहार मारणाऱ्याचे खांदे पंचेचाळिशीत उतरतात. करवत ओढणाऱ्याच्या बोटांना सकाळी मूठ वळत नाही. माझे एक चुलते लाकूडतोडीवर होते. त्यांना झाड पाडण्याआधी त्याच्याभोवती दोनदा फिरून वारा, झोक आणि पोकळ खोड पाहण्याची सवय होती. पन्नाशीत हे ज्ञान पूर्ण पिकले होते आणि फांदीवर चढण्याची ताकद संपली होती. कार्यालयात अशा वेळी माणसाला बढती मिळते. येथे त्याला मुकादम सांगतो, ‘तात्या, उद्यापासून पोराला पाठव.’

आणि नेमक्या याच वयात त्याच्या नोकरीचा प्रश्न कागदावर उभा राहतो. येथे थोडे तपशिलात जायला हवे, कारण आपले कार्यकर्तेही या गुंत्यात अडखळतात. रोजंदाराच्या हक्काचे माप म्हणजे वर्षातले २४० दिवस. एवढी हजेरी भरली तर काम सलग मानायचे. म्हणून मस्टरवरचा प्रत्येक खाडा मोलाचा. वनविभागाचे म्हणणे असे की, वनसंवर्धन हे राज्याचे सार्वभौम कार्य आहे, उद्योग नव्हे. तेव्हा कामगार कायदा येथे लागू नाही. पुण्याजवळच्या पाचगाव-पर्वतीच्या वनीकरणावरील मजुरांनी हे मान्य केले नाही. जगन्नाथ मारुती कोंढरे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये सांगितले की, ही कामे उद्योगाच्या व्याख्येत बसतात आणि माणसाला पाच-सहा वर्षे नैमित्तिक ठेवून कायमपणाच्या लाभांपासून वंचित करणे ही १९७१ च्या कायद्याखालची अनुचित कामगार प्रथा आहे. पाठोपाठ ३१ जानेवारी १९९६ चा शासन निर्णय आला. १ नोव्हेंबर १९९४ रोजी प्रतिवर्षी २४० दिवसांप्रमाणे पाच वर्षे भरलेल्यांना कायम करण्यात आले. उरलेल्यांपैकी काहींसाठी १६ ऑक्टोबर २०१२ चा निर्णय निघाला. त्यांची सेवा १ जून २०१२ पासून धरली गेली.

(शाळामास्तरांनी आपल्या कित्येकांची जन्मतारीखही १ जूनच लिहिली आहे. शासनालाही हीच तारीख सापडावी!)

विजय झाला, मान्य. पण हिशेब करून पाहा. १९४२ साली जन्मलेला मजूर तेविसाव्या वर्षी कामावर लागला. त्याची सेवा १९९४ पासून धरली, तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. चतुर्थ श्रेणीच्या निवृत्तीचे वय साठ, म्हणजे कायम सेवा आठ वर्षे. निवृत्तिवेतनाला १९८२ च्या नियमांप्रमाणे दहा वर्षे लागतात. आधीची एकोणतीस वर्षे जमेस धरली नाहीत तर म्हातारपणी दरमहा हाती काही येत नाही. दुसरा १९६० चा, पंचविसाव्या वर्षी लागलेला, २०१२ मध्ये कायम झालेला. त्याच्याही वाट्याला आठच वर्षे. आणि तोपर्यंत, १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने सेवेत येणाऱ्यांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजनाच बंद झाली होती. म्हणजे उमेदीची वर्षे रोजंदारीत गेली, आणि जी वर्षे शासनाने मोजली त्या वर्षांत शरीर झिजलेले होते. ज्याचे वय शाळेच्या दाखल्यावर नाही, त्याचे वय डॉक्टर अंदाजाने लिहितो. त्या अंदाजात दोन वर्षे इकडची तिकडे झाली तर एखाद्याचे निवृत्तिवेतन जाते.

अपघाताचा हिशेबही वयाशी बांधलेला आहे. झाडे पाडणे आणि वणवा विझवणे ही कामे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात नमूद होती. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला एका गुणकाने गुणायचे. चाळिशीतला गुणक १८४.१७, पन्नाशीतला १५३.०९. कमाईची वर्षे कमी उरली, म्हणून गुणक कमी. विमागणिताच्या दृष्टीने यात चूक नाही. परंतु आपल्या घरांत पन्नाशीच्या माणसावरचा भार कमी झालेला नसतो. थोरल्या मुलीचे लग्न झालेले असते, धाकट्याचे शिक्षण चालू असते, आणि घेतलेली उचल फिटलेली नसते.

कायम झालेल्या वनमजुराची ही कथा. त्याच्या मागे आणखी मोठी रांग आहे. व्याघ्रप्रकल्प २०१० मध्ये जाहीर झाला, त्यात कोयना आणि चांदोली आले, राखणीचे काम वाढले. रोजावरची माणसे तिथेही लागतात. सातारा-सांगलीच्या गल्लीत पावसाळ्यापूर्वी विजेच्या तारांवरच्या फांद्या छाटायला दोर, कोयता आणि आता यांत्रिक करवत घेऊन येणारा तर कोणाच्याच पटावर नसतो. १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आणि १९७५ चा नागरी वृक्षसंरक्षण कायदा या दोन्हींचा विषय झाड आहे. कोणते झाड, कोणाच्या मालकीचे, तोडीला परवानगी कोणाची, हे तेथे नीट विचारले जाते. त्या झाडावर चढणारा ठेकेदाराचा माणूस, ठेकेदार फोनवर.

कार्यकर्त्यांना एक सुचवावेसे वाटते. वस्तीत गेलात तर पन्नाशीच्या पुढच्या माणसाकडे जुनी मस्टरची नक्कल, मजुरीची पावती, साहेबाने दिलेली चिठ्ठी, काय असेल ते मागा. पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिकांच्या खाली ते कागद असतात. खटले याच चिटोऱ्यांवर उभे राहतात. पोरांना सांगून प्रत्येक कागदावरची तारीख वहीत उतरवून ठेवा. वाळवी त्यांच्या आधी पोहोचते.