दोन थेंबांमधली वाट

पाण्याचे दोन थेंब एकमेकांना टेकले की एक होतात, हे आपण खिडकीच्या काचेवर पावसाळाभर पाहतो. पण ते एक झालेच नाहीत, आणि तरीही एकाने दुसऱ्याला निरोप धाडला तर? आपल्या पेशी हेच करत असतात. म्हणून ऑक्सफर्डमध्ये हेगन बेली यांच्या प्रयोगशाळेत झालेले प्रयोग मला महत्त्वाचे वाटतात.

कृती वरवर साधी आहे. तेलात लिपिड मिसळायचे आणि त्यात खारट पाण्याचे थेंब सोडायचे. (फोडणीत पडलेला थेंब तडतडतो, इथले तेल थंड असते.) लिपिडच्या रेणूचे डोके पाण्याकडे ओढले जाते, शेपट्या पाणी टाळतात. त्यामुळे प्रत्येक थेंबाभोवती त्यांचा एकेरी थर धरतो. दोन थेंब जवळ आणले की मधले तेल निसटते, शेपट्यांना शेपट्या भिडतात आणि जेमतेम ४ ते ५ नॅनोमीटर जाडीचा दुपदरी पडदा तयार होतो. पेशीचे आवरण मुळात असेच असते.

हा पडदा आयनांना जवळजवळ अभेद्य. भिंत झाली, दार नाही. दारासाठी निवडलेले प्रथिन मोठे गमतीचे आहे: अल्फा-हिमोलायसिन. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू तांबड्या पेशींना भोके पाडायला ते वापरतो. त्याचे सात सारखे रेणू गोलाकार जुळून पडद्यातून आरपार नळी बनवतात. तिची सर्वांत अरुंद जागा सुमारे १.४ नॅनोमीटर. थेंबात प्रथिन मिसळले की ते आपणहून पडद्यात शिरते. दोन्ही थेंबांत बारीक तारा बुडवून विद्युतदाब दिला, तर एकेक नळी बसताना प्रवाह पायरीपायरीने चढतो. एकट्या नळीचे काम असे समोर मोजता यावे, याचे मला अजूनही नवल वाटते.

२००७ साली अशा थेंबांची जाळी जोडली गेली. त्यातला एखादा थेंब काढून दुसरा बसवला, तरी शेजारचे पडदे फाटले नाहीत. २०१३ मध्ये छपाई केल्यासारखे हजारो थेंब रचले गेले. एका ठरावीक वाटेवरच्या थेंबांतच हिमोलायसिन होते, आणि मज्जातंतूतून जावा तसा प्रवाह त्याच वाटेने गेला. २०१६ मध्ये तर प्रकाश पडल्यावरच थेंबांनी हे प्रथिन आत तयार केले.

याला कृत्रिम ऊती म्हणतात. मला हा शब्द घाईचा वाटतो. हे थेंब ना वाढतात, ना दुभंगतात. वैद्यकाला मात्र तेच सोयीचे: जे दुभंगत नाही, ते शरीरात बेसुमार वाढण्याची भीती नाही. खरी अडचण तेलाची, कारण शरीरात सगळीकडे पाणी. त्यावर २०११ मध्येच एक तोड निघाली होती. थेंबांची जाळी तेलाच्या एका थेंबात कोंडून तो पाण्यात ठेवायचा. बाहेरच्या पाण्याशी देवाणघेवाण पुन्हा त्याच हिमोलायसिनच्या नळ्यांमधून.